सही आधी, मजकूर मागाहून

४ जानेवारी, रविवार

मेडिकलवाला दरवर्षी एक डायरी फुकट देतो आणि ती दरवर्षी तशीच रद्दीत जाते. यंदा हर्षलाच्या सांगण्यावरून उघडली. हर्षला म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी, खोपोलीच्या पतपेढीत नोकरी करणारी मुलगी. मुलगी आपलं म्हणायचं, तिलाच दोन मुलं आहेत. ती म्हणाली, काका, बागेबद्दल जे जे घडेल ते तारीखवार लिहून ठेवा, पुढे कामाला येईल. मला लिहायचा कंटाळा नाही. एकतीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर होतो. चौदाशे माणसांची हजेरी माझ्या हातून गेली. माझं अक्षर बघून मोठे साहेब म्हणायचे, गजाभाऊ, हे मस्टर फ्रेम करून लावायला पाहिजे.

तर बाग. आमच्या पळसखिंडीत सपाट आणि मोकळी म्हणावी अशी एकच जागा उरली आहे, ती नगरपंचायतीची बाग. पावणेतीन एकर. बावीस वर्षांपूर्वी तिथे नुसता माळ होता. आम्ही कारखान्यातल्या लोकांनी रविवार-रविवार करून खड्डे खणले, करंज लावले, बहावा लावला. वरच्या कोपऱ्यात डोंगरावरच्या ठाकूरवाडीचा वाघदेव आहे, शेंदूर लावलेला दगड. तो मात्र आमच्याही आधीपासून तिथे आहे.

गेल्या आठवड्यापासून बोलवा आहे की बाग कुठल्याशा खासगी कंपनीला तीस वर्षांसाठी देणार. पाण्याच्या घसरगुंड्या, लग्नाचा हॉल, दारावर तिकीट. काल पांढऱ्या गाडीतून दोन माणसं आली आणि टेप लावून मोजून गेली. मी हटकलं तर म्हणाली, पाण्याच्या लाइनीचं काम आहे.

मला ही बाग का हवी तेही लिहून ठेवतो, म्हणजे म्हाताऱ्याला उद्योग नाही असं कुणी म्हणायला नको. दसऱ्यानंतर वनिताला झटका आला. माझी बायको, चौदा वर्षं बालवाडीची बाई होती, दिवसभर बोलायची. आता उजवं अंग लुळं आणि तोंडातून शब्द फुटत नाही. समजतं सगळं, वाचतेही. डॉक्टर म्हणाले, रोज सपाटीवर चालवा, चालली तरच सुधारेल. आमच्या दाराबाहेर चढ, उघडं गटार आणि खडीचे डंपर. बागेतली फरशीची वाट तेवढी सपाट. नोव्हेंबरात माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून दहा पावलं चालायची. आज अर्धी फेरी केली. बाग गेली तर वनिता खाटेला खिळणार. इतकं साधं आहे ते.

७ जानेवारी, बुधवार

प्रभात मंडळाची सभा झाली. मंडळ म्हणजे आम्ही सकाळी फिरायला येणारे लोक. नोंदणी केलेली आहे, प्रोसिडिंग बुक आहे, मी सचिव आहे. सत्तावीस माणसं आली. बागेसाठी लढायचं ठरलं.

सभेत एक नवा मुलगा आला होता, धनेश. मूळचा मोहोपाड्याचा, दिवाळीपासून इथे भाड्याने राहतो. कर्जतला वकिलाच्या ऑफिसात काम करतो म्हणाला. बोलायला नम्र, आल्या आल्या माझ्या पाया पडला. म्हणाला, काका, अशी कामं नुसत्या आरडाओरड्याने होत नाहीत, कागद पक्का लागतो. मला हेच पटतं. बाकीचे घोषणा आणि फलकावर अडकले होते.

सह्यांवरून हर्षलाने उगाच वाद काढला. माझी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. माणसं समोर बसली आहेत तोवर सही घ्यायची, मजकूर मागाहून सावकाश चांगल्या अक्षरात लिहायचा. सभा संपली की माणसं चहाला पांगतात, मग दारोदार वही घेऊन हिंडायचं का? कारखान्यात, सोसायटीत, गणपतीच्या मंडळात, सगळीकडे हेच चालतं. हर्षला म्हणाली, काका, निदान पानांना आकडे घाला. मी म्हटलं, बाई, तू जन्मायच्या आधीपासून मी रजिस्टरं लिहितोय. सगळे हसले. ती हसली नाही.

११ जानेवारी, रविवार

चांगली बातमी. बागेतल्या सगळ्या झाडांवर लाल रंगाने आकडे टाकले आहेत. एक ते एकशे बारा. मी घाबरलोच होतो, पण धनेशने समजावलं की ही वृक्षगणना आहे. झाडाला नंबर पडला की ते सरकारी कागदावर आलं, मग त्याला हात लावता येत नाही. मी सगळ्या मंडळाला हे सांगितलं. माळी गोमा मात्र मान हलवत राहिला. त्याच्या मेहुण्याच्या गावी रस्ता रुंद केला तेव्हा असेच आकडे टाकले होते म्हणे. मी म्हटलं, तो रस्ता होता, ही बाग आहे.

वाघदेवाच्या दगडावरही कुणीतरी लाल आकडा टाकलाय. एकशे तेरा. दगड काय झाड आहे? कामगारांना अक्कल नसते. ठाकूरवाडीची जनी बागेच्या दाराशी बोरं आणि पत्रावळी विकते. ती पदर ओला करून तो आकडा पुसत होती. रंग काही निघाला नाही.

वनिता पाऊण फेरी.

१७ जानेवारी, शनिवार

आज बागेत पोपटी केली. कल्पना धनेशची. तो म्हणाला, काका, सभेला सत्तावीस येतात, पोपटीला सगळं गाव येईल. खरंच आलं. संध्याकाळी पाच वाजता मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरली, मडकं उपडं घातलं आणि भोवती पेंढा पेटवला. वास सुटला तशी माणसं कुंपणावरून डोकावायला लागली. कित्येक महिन्यांनी वनिता पोटभर जेवली. शेंगा मीच सोलून देत होतो.

खाणं चालू असतानाच मी वही फिरवली. त्रेसष्ट सह्या झाल्या, पानं अडीच. कुणाची बोटं काळी, कुणाची तेलकट, पानाचा पार सत्यानाश. सही करणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही की वर काय लिहिणार. गजाभाऊंची वही आहे म्हटल्यावर विचारायचं काय? मला खरं सांगायचं तर भरून आलं.

वनितापुढे वही धरली तेव्हा तिने डाव्या हाताचं बोट वरच्या कोऱ्या जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, अगं वर नाही, सही खाली करायची, वर मला लिहायचंय. तिने पुन्हा तिथेच बोट ठेवलं. झटक्यानंतर असं होतं, वर-खाली कळत नाही. शेवटी मी तिचा हात खाली आणून दिला. तिने डाव्या हाताने वाकडी सही केली. सहीशेजारी राखेचा अंगठ्याएवढा डाग पडला, तो माझाच.

एकट्या जनीने नाही म्हटलं. मी शाईचा पॅड पुढे केला तर ती हात पदरात घेऊन उभी राहिली.

“गजाभाऊ, वर काय लिवनार ते आदी लिवा. मंग वाचून दावा. मंग बगू.”

मी समजावलं की बाग वाचवायलाच तर हे चाललंय, तुझा देवही त्यातच आहे.

“माज्या सासऱ्यानं आसाच दिला व्हता आंगठा,” ती म्हणाली. “तवा बी वरची जागा रिकामीच व्हती. आता त्या जागंवर बंगलं हायत.”

मला राग आला. मी काय तिच्या सासऱ्याला फसवणाऱ्यांतला आहे? पण अडाणी माणसाच्या भीतीपुढे काय बोलणार. धनेश म्हणाला, जाऊ द्या काका, एका अंगठ्याने काय अडतंय. तिचं नाव लिहिलंही नाही.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी धनेश घरी आला. ठरावाचा मजकूर त्याने सांगितला, मी लिहिला. सरकारी भाषा त्याला चांगली येते. इथे उतरवून ठेवतो, कारण वाक्य छान जमलंय.

‘सदर उद्यानाचे जतन, संवर्धन व संचालन सक्षम अभिकरणामार्फत दीर्घ मुदतीने होण्यास मंडळाची व परिसरातील सर्व रहिवाशांची कोणतीही हरकत नाही.’

मी थांबलो. म्हटलं, हरकत नाही कसं, आपली तर हरकतच आहे. धनेश हसला. म्हणाला, काका, आपण जतनाला हरकत नाही म्हणतोय. साहेबलोकांना विरोध लिहून दिला की फाइल कपाटात जाते. होकार लिहिला की टेबलावर राहते. अभिकरण म्हणजे कोण विचारलं, तर म्हणाला, नगरपंचायतच की, सरकारी भाषेत असंच लिहितात. मला पटलं. इतकी वर्षं साहेबांच्या हाताखाली काढली, त्यांची तऱ्हा मला माहीत आहे.

मजकूर आणि सह्या यांच्यामध्ये चार बोटं जागा राहिली. मी रेघ मारून बंद करणार होतो, तो म्हणाला, राहू द्या, तिथे शिक्का बसतो.

अक्षर मात्र आज फार सुरेख आलं. मी वही वनितासमोर धरली. तिने वाचलं, बराच वेळ वाचलं, आणि मग डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटतं तिला माझा अभिमान वाटला असावा. धनेश निरोप घ्यायला तिच्याजवळ वाकला तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. दमली होती.

२० जानेवारी, मंगळवार

आज वनितावर ओरडलो. लिहायला लाज वाटते, पण खरं ते लिहायचं ठरवलंय.

धनेशला वही द्यायची होती, झेरॉक्स काढून नगरपंचायतीत द्यायला. वही सापडेना. कपाट पाहिलं, गादीखाली पाहिलं. धनेश बाहेर ओट्यावर थांबलेला. शेवटी वालाच्या डब्यात सापडली, तळाशी, वर वाल पसरलेले. घरात आम्ही दोघंच. तिने एका हाताने तो पाच किलोचा डबा कसा रिकामा केला आणि कसा पुन्हा भरला, देव जाणे.

मी म्हटलं, तुझ्यासाठीच हे सगळं करतोय आणि तूच लपवतेस? तिचे ओठ हलले. घशातून आवाज आला, शब्द नाही. मग रडायला लागली. डॉक्टरांनी सांगितलंय की झटक्यानंतर माणूस उगाच रडतं, मनावर घेऊ नका. मी वही पुसली आणि धनेशच्या हातात दिली.

तो गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या गाडीत बसून गेला. कुणीतरी लिफ्ट दिली असेल.

वनिता आज चालायला आली नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

गोमाला एक तारखेपासून बागेतून काढून गटाराच्या कामावर टाकलं. बागेतला नळ बंद. रोपं सुकायला लागली म्हणून मी घरून दोन बादल्या नेल्या तर दारावर एक अनोळखी पहारेकरी उभा. खाकी नाही, काळा शर्ट. म्हणाला, आतलं पाणी-बिणी आता तुम्ही बघायचं नाही आजोबा. कुणी ठेवला तुला विचारलं, तर नुसता हसला.

धनेशला चार वेळा फोन केला. एकदा उचलला, म्हणाला, काका मीटिंगमध्ये आहे. वही अजून परत आलेली नाही. झेरॉक्सला तेरा दिवस लागतात?

हर्षलाने ठरावाची प्रत मागितली. मी म्हटलं, वही धनेशकडे आहे. तिचा चेहरा बघून मला चीड आली. तुझा विश्वास नसेल तर तू हो सचिव, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, काका, मी तेवीस तारखेलाच माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. म्हणजे माझ्या पाठीमागे. चहा न घेताच मी तिच्या दारातून परत आलो.

वनिता आज सव्वा फेरी. माझा खांदा धरला नाही, नुसती काठी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सहाला गेलो तर बाग दिसेना.

चारी बाजूंनी पत्रे. माणसाच्या दीडपट उंचीचे निळे पत्रे, रस्त्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत. दाराच्या जागी साखळी, आणि आत यंत्राचा आवाज. करवतीचा आहे असं एक जण म्हणाला. मला तो ऐकायचा नव्हता. वनिता काठी टेकून पत्र्यासमोर उभी राहिली. मग पत्र्यावर पंजा ठेवला आणि तशीच राहिली. तिला घरी आणायला अर्धा तास लागला.

पत्र्यावर नोटीस आहे. बाग तीस वर्षांच्या कराराने विकासासाठी देण्याचं प्रस्तावित आहे, हरकती असल्यास सुनावणी १२ मार्चला सकाळी दहाला. मग सुनावणीच्या आधी करवत कशी चालते? नगरपंचायतीत विचारलं, तर म्हणाले, सुकलेल्या फांद्या काढतायत.

धनेशच्या खोलीला कुलूप आहे. घरमालकाने सांगितलं, महिनाअखेर सोडून गेला.

मी घरी येऊन ठरावाचं ते वाक्य या डायरीत पुन्हा वाचलं. चार वेळा वाचलं. मग डायरी मिटून ठेवली. काहीतरी दुसरं असेल. मुलगा माझ्या पाया पडला होता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हर्षला आली. हातात माहिती अधिकारातून मिळालेला कागद. तिने तो माझ्यापुढे ठेवला नाही, वनिताच्या खाटेवर ठेवला आणि म्हणाली, काका, तुम्हीच वाचा.

प्रत माझ्या पानाची. माझं अक्षर, सुरेख. खाली आणि पुढच्या पानांवर त्रेसष्ट सह्या, वनिताची वाकडी सही, शेजारी माझ्या अंगठ्याचा राखेचा डाग. झेरॉक्समध्येही तो स्पष्ट आलाय.

आणि मधल्या चार बोटं जागेत शिक्का नाही. तिथे दोन ओळी आहेत. ‘तसेच उद्यानात प्रवेशशुल्क आकारण्यास, बाधित वृक्ष काढण्यास व वरच्या कोपऱ्यातील दगड अन्यत्र हलविण्यास मंडळाची संमती आहे.’ तीच निळी शाई, माझंच वळण, पण अक्षर माझं नाही. माझा ‘ल’ असा नसतो. हे मी हर्षलाला सांगितलं. ती म्हणाली, माझा विश्वास आहे काका. पण वरच्या ओळी तुमच्या आणि खालच्या नाहीत, हे सुनावणीत कोण ऐकणार?

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. ज्यांनी ना हरकत दिलीय त्यांची हरकत विचारात घेता येणार नाही, असं कार्यालयाने लेखी कळवलंय. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जण बाद. ती स्वतःही. पोपटीच्या दिवशी तिनेही सही केली होती. का केलीस, मी विचारलं. म्हणाली, तुम्ही सगळ्यांदेखत वही पुढे केलीत. तुम्हाला दोनदा टोकायचं जिवावर आलं.

बावीस वर्षांपूर्वी खड्डे मी खणले आणि कागदही मीच लिहून दिला. मी वनिताकडे बघितलं नाही. मला माहीत होतं की ती माझ्याकडे बघत नसणार. मग बघितलं, तर ती माझ्याकडेच बघत होती.

२५ फेब्रुवारी

पोलीस चौकीत गेलो. ओळी मागाहून घातल्या म्हणालो. हवालदाराने विचारलं, कोऱ्या कागदावर सह्या कुणी घेतल्या? मी म्हटलं, मी. त्याने पेन खाली ठेवलं.

४ मार्च, बुधवार

शिमगा झाला. आम्ही होळीला गेलो नाही. दरवर्षी होळीचा पहिला नारळ माझ्या हातून पडतो, यंदा कुणी बोलवायला आलं नाही. सकाळी दूध आणायला गेलो तर प्रभात मंडळातले दोघे मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो असतो.

कुणीतरी पसरवलंय की गजाभाऊला कंपनीकडून काहीतरी मिळालं. हे कोण पसरवतंय ते मला कळतं, पण सांगू कुणाला?

वनिता ओट्यावर चालते. ओटा अकरा पावलांचा. शेवटाला वळताना तोल जातो. काल पडली, कपाळाला खोक. तरी उठून पुन्हा काठी मागितली.

संध्याकाळी हर्षला आली. ती काही मला टाळत नाही, त्याचंच जास्त लागतं. म्हणाली, काका, मी यादी दोनदा तपासली. वाघदेवाला येणारी, बागेच्या दाराशी बसणारी आणि सही न केलेली अशी एकच व्यक्ती आहे. जनी. वाडीतले बाकीचे पावसाळ्यापर्यंत वीटभट्ट्यांवर गेलेत. तिची हरकत त्यांना ऐकावीच लागेल. तिच्या देवाची जागा आहे, वाडीचा वहिवाटीचा हक्क आहे. अर्ज सुनावणीच्या वेळी द्यायचा. आणि ती माझ्याशी बोलेल, पण वाडीत जाऊन तिची माफी तुम्हीच मागायची.

एका अंगठ्याने काय अडतंय, असं धनेश म्हणाला होता. मीही मान डोलावली होती.

८ मार्च, रविवार

ठाकूरवाडीला जाऊन आलो. चढ मोठा, दोनदा बसावं लागलं. पायथ्याशी रस्ता संपतो तिथे पांढरी गाडी उभी होती. आत दोघे. काचा वर. मी गेलो तेव्हा होती, आलो तेव्हाही होती.

जनीच्या झोपडीसमोर पत्रावळीची पानं वाळत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती पानं उलटी करत ऐकत राहिली. माफी मागितली तेव्हाही मान वर केली नाही. मग म्हणाली की दगड त्यांनी हलवला. शुक्रवारी. ट्रॅक्टरमध्ये घालून नेला, कुठे ते माहीत नाही. बागेच्या मागच्या बाजूला पत्र्याला फट आहे, तिथून तिने बघितलं. जिथे देव होता तिथे खड्डा आहे.

गाडीवाले तिच्याकडे दोनदा येऊन गेले. आधी साडी दाखवली, मग तिच्या भावाचं नाव घेतलं, तो कुठल्या वीटभट्टीवर आहे ते सांगितलं. पुढे काही बोलले नाहीत.

मी म्हटलं, जने, तू नाही म्हणालीस तरी मी काही बोलणार नाही. मला तोंड नाही. त्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली,

“बुदवारी येते. तुमच्या घरी. बाय आसंल ना घरात?”

मी म्हटलं, वनिता घरातच असते आता.

११ मार्च, बुधवार

दुपारी तीन वाजता जनी आली. रस्त्याने नाही, मागच्या ओढ्यातून, पाय चिखलाने भरलेले. हर्षला रजा काढून आधीच आली होती. अर्ज मी लिहिला, हर्षलाने सांगितलेला. अक्षर आयुष्यात इतकं वाईट आलं नसेल. आमच्या वाडीचा देव तिथे पिढ्यानपिढ्या आहे, वाट आमच्या वहिवाटीची आहे, मी कोणत्याही कागदावर अंगठा दिलेला नाही, बाग खासगी कंपनीला देण्यास माझी हरकत आहे, देव परत जागेवर बसवावा. एवढंच. एकही जड शब्द नाही.

मी मोठ्याने वाचून दाखवला. जनी म्हणाली, पुन्हा. पुन्हा वाचला. मग तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि वनिताच्या हातात दिला.

“बाय, ह्ये वाचतात तसंच हाय का त्यात?”

वनिताने कागद मांडीवर पसरला. डाव्या हाताचं बोट प्रत्येक ओळीखालून सरकवत ती वाचायला लागली. बालवाडीतल्या पोरांना शिकवायची तशी, एकेक अक्षर. बाहेर करवतीचा आवाज चालू होता, आता तो दिवसभर असतो. मला वाटलं ती कधी संपवणारच नाही.

वाचून झाल्यावर तिने मान हलवली, हो म्हणून. जनीने अंगठा पुढे केला. मी पॅड उघडला. पण वनिताने कागद सोडला नाही. तिने माझ्या खिशाकडे बोट केलं. पेन हवं होतं.

मजकूर आणि अंगठ्याची जागा यांच्यामध्ये मी चार बोटं जागा सोडली होती. सवयीने. इतकं सगळं होऊनही, माझ्या हाताने आपोआप सोडली होती. वनिताने पेन डाव्या मुठीत धरलं आणि त्या कोऱ्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. वाकडी, मध्येच तुटलेली, कागद थोडा फाटला. मग दुसरी मारली, पहिलीला छेदून. आणि मग कागद जनीपुढे सरकवला.

मला रडू आवरलं नाही. हर्षला स्वयंपाकघरात निघून गेली.

जनीने अंगठा उमटवला, सावकाश, दोन्ही बाजूंना फिरवून. मी म्हटलं, कागद आज माझ्याकडे ठेवतो, उद्या दहाला आपण बरोबरच जाऊ. तिने नाही म्हणून मान हलवली. कागदाची घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी कमरेला खोचली.

“माज्याकंच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “उद्या तुमी रस्त्यानं जा. मी ओढ्यानं येते.”

मी बरं म्हटलं. हर्षलाने तिला फोन ठेवून घे म्हटलं, तर तिला तो वापरता येत नाही. ती आली तशी मागच्या दाराने उतरली. मी ओट्यावर जाऊन बघितलं, तर गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती. आज दार उघडं होतं आणि आत कुणीच नव्हतं.

हर्षला गोमाला घेऊन ओढ्याकडे गेलीय. माझ्या गुडघ्याने तेवढं धावणं होत नाही. वनिता ओट्यावर चालतेय, अकरा पावलं जाऊन परत, आणि प्रत्येक वेळी शेवटाला ओढ्याकडे तोंड करून थांबते. मी हे लिहितोय कारण हर्षला म्हणाली होती, तारखेनिशी लिहून ठेवा. साडेपाच वाजलेत. अजून कुणी परत आलेलं नाही.